सात नंबरची धूळ

खाणीच्या कचेरीमागे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि दारं दोन होती. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही असा नियम. आत दगडी टेबलावर काचेच्या पेटीत एक काटा ठेवलेला. काटा इतका नाजूक, की समोर बसून कुणी सुस्कारा टाकला तरी त्याचे आकडे थरथरायचे. पापणीचा केस ठेवला तरी तो मुकाट्याने वजन सांगायचा. या काट्यावर गेली अकरा वर्षं जी बाई बसत होती तिला सगळी खाण काटेवाली म्हणायची. तोंडावर ताई, माघारी काटेवाली. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. खाणीत उतरणाऱ्या काही कामगारांच्या पट्ट्याला पाळीभर एक छोटा पंप बांधत. पंपाची नळी गळ्यापाशी येई आणि तो माणूस जी हवा घेतो तीच हवा पंपही ओढून घेई. जाडी धूळ वाटेतल्या डबीत पडायची. जी बारीक धूळ छातीच्या पार तळापर्यंत जाते, तेवढीच पुढे जाऊन बाटलीच्या झाकणाएवढ्या एका पांढऱ्या चकतीवर बसायची. चकती कोरी असताना एकदा तोलायची, पाळीवरून आल्यावर पुन्हा एकदा. दोन वजनांतला फरक वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. आकडा मर्यादेच्या वर गेला, तर सरकारी निरीक्षक येऊन खाणीचा तो भाग दुरुस्ती होईपर्यंत बंद करायचा.

सात नंबरच्या भागातल्या चकत्या चौदा महिने पांढऱ्या येत होत्या.

सात नंबरवर कटर मशीन चालवायचा तो तिचाच नवरा. त्याला लांब्या म्हणत. साडेसहा फुटांना दोन बोटं कमी असा माणूस, आणि नशिबाने काम मिळालं ते जिथे ताठ उभं राहता येत नाही तिथे. बावीस वर्षं वाकून वाकून त्याच्या मानेला कायमचा बाक आला होता. "वर आलो तरी छत डोक्याला लागेल असं वाटतं," असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या मंगळवारी काटेवालीने सात नंबरची चकती चिमट्याने उचलून दिव्याखाली धरली. नुकतं धुतलेलं कापड असावं तशी ती पांढरी होती. सकाळीच तिने नवऱ्याच्या उशीचा अभ्रा भिजत घातला होता. तो खाणीच्या न्हाणीघरात दोनदा साबण लावून यायचा, तरी अभ्र्यावर तोंडाच्या जागी राखाडी डाग पडलेला. आणि आदल्या संध्याकाळी जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबला, म्हणाला, "तू हो पुढे, बुटाची नाडी सुटलीय." ती दोन पायऱ्या वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्याच्या पायात चपला होत्या.

तिने आकडा लिहिला. सही करायला मात्र त्या दिवशी तिला वेळ लागला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई बटाटे सोलत बसल्या होत्या. काटेवालीने चहा पुढे ठेवला आणि सरळच विचारलं, "अहो, तुमचा पंप कुठे असतो?"

"पट्ट्याला. आणखी कुठे असणार?"

"मग मी पाठवते तशीच चकती परत कशी येते?"

"आम्ही सात नंबरात झाडू मारून ठेवतो. पाहुणे येणार असले की पायपुसणंसुद्धा घालतो."

"मी चेष्टा करत नाहीये."

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारायला गेला आणि खोकला. खोकला थांबेपर्यंत बशीतला चहा निवला. मग तो म्हणाला, "डब्यांच्या खुंटीला असतो."

खुंटी म्हणजे कुठे, तेही त्याने सांगितलं. वरच्या पंख्याची ताजी हवा ज्या बोगद्यातून आत येते तिथे एक ओळीने खुंट्या आहेत. तिथे माणसं डबे टांगतात, जाकिटं टांगतात. सात नंबरवाले पंपही टांगतात. पाळी संपली की तो पट्ट्याला बांधून सरळ चेहऱ्याने वर येतात.

"कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मागे नऊ नंबरचा आकडा वर गेला, दहा दिवस टाळं लागलं, माणसं घरी बसली. तेव्हा सुरक्षा साहेब आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, सात नंबर शहाणा आहे. मग काय, झालो आम्ही शहाणे."

"आणि धूळ?"

"असते. कोळशाचा थर आता माझ्या कमरेलाही लागत नाही. मशीन आत घालायचं म्हणजे वरचा दगड कापावाच लागतो. निम्मा कोळसा, निम्मा दगड. पाण्याचे फवारे बुजलेत, ते साफ करायचे तर तासभर मशीन बंद. पण तू समजतेस तसे काही ढगबिग नसतात गं. दिवा लावला की समोरचा माणूस दिसतो. आणि जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याला किती घाबरायचं?"

"दिसते ती नाकात अडकते. थुंकलं की पडते. दिसत नाही तीच तळाला जाऊन बसते. आणि दगडाची तर कोळशाहून वाईट."

"हे तुला काट्याने सांगितलं वाटतं."

सासूबाईंची सुरी थांबली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझ्या बापालाही दिसत नव्हती."

लांब्याचे वडीलही याच खाणीत होते आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्या घरात कधी कुणी बोलत नसे.

"दोन वर्षं तो माणूस आडवा झाला नाही," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीला टेकून बसायचा. मी विचारायची, कुठे दुखतंय? तर म्हणायचा, दुखत नाही, श्वास आत जातो पण पोचत नाही. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास. मी तुला मावशीकडे पाठवलं, तू बघू नयेस म्हणून. तिथेच चुकलं माझं. बघायला पाहिजे होतंस तू."

लांब्या उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तो कठड्याला धरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत राहिला. काटेवाली मागे जाऊन उभी राहिली. शेवटी तोच म्हणाला, "एक पाळी. फक्त एक. आणि आकडा काय येईल तो मला सांगू नकोस."

गुरुवारी त्याने पंप खरोखरच पट्ट्याला ठेवला. त्याचा जोडीदार गप्प्या, खाणीचं छत कोसळू नये म्हणून त्यात बोल्ट मारायचा. उभ्या आयुष्यात पाच मिनिटं गप्प बसलेला नाही म्हणून त्याला सगळे गप्प्या म्हणत. त्याने ते पाहिलं. "अरे, खुंटीवर टांगायचा विसरलास की! वय झालं तुझं," असं तो मशीनच्या आवाजात ओरडला. लांब्याने हाताने खूण केली, असू दे. गप्प्याला वाटलं, आज परत जायचा कंटाळा आला असेल.

शुक्रवारी सकाळी काटेवालीने, ओल जावी म्हणून चकत्या ठेवतात त्या कोरड्या पेटीतून, ती चकती काढली. ती काळी असेल असं तिने मनाशी धरलं होतं. ती काळी नव्हती, पाटीच्या रंगाची होती, करडी. कोळशात दगड मिसळला की असा रंग येतो हे तिने ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. तिने वजन केलं. काचेचं दार लावून, श्वास धरून, पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. मर्यादेच्या सव्वापाच पट.

तिने तो आकडा शाईने लिहिला.

अकराच्या सुमारास सुरक्षा साहेब आले. हा माणूस आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. सगळ्यांच्या घरची विचारपूस करायचा, कुणाच्या मुलाला शाळेत घालायचं असलं तर चिठ्ठी द्यायचा. त्याने आतलं दार नीट लावलं, वही उघडली आणि उभ्यानेच वाचली.

"ताई, हा नमुना खराब झालाय."

"नाही साहेब."

"पंप पडला असेल. नळीत कचरा गेला असेल. असं होतं कधीकधी. शेरा लिहा 'रद्द', आणि पुढच्या आठवड्यात आपण नवीन घेऊ."

"पंप पूर्ण पाळी चालला. नळी जोडलेली होती. चकती फाटलेली नाही. मी खराब काय म्हणून लिहू?"

"चौदा महिने एक आकडा आणि एका दिवसात हा? कुणाला पटेल?"

"मला पटतोय. मागचे चौदा पटत नाहीत."

साहेब स्टुलावर बसला. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याने नाकाचा शेंडा चोळला. "तुमच्याच घरचा माणूस आहे सात नंबरात," तो हळू आवाजात म्हणाला. "हा भाग बंद पडला तर वरचे तो पुन्हा उघडतील याची खात्री नाही. थर आधीच पातळ झालाय. चौदा माणसं कुठे घालू मी? लोक तुम्हाला दुवा देतील असं वाटतं का?"

"नाही वाटत."

"मग?"

तिने वही त्याच्या हातातून घेतली आणि टेबलावर ठेवली. आकडा तिने त्याच दिवशी निरीक्षकाला कळवला.

निरीक्षक सोमवारी आला. खाली जाऊन आला, बुजलेले फवारे मोजून आला, आणि सात नंबरला टाळं लागलं.

पुढचे दिवस वाईट गेले. खाणीच्या वसाहतीत बातमी लपत नाही. कुणी पंप बांधला आणि कुणी वजन केलं, हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. गप्प्याचं घर त्यांच्या समोरच होतं, एकाच जिन्यावर. गप्प्याची बायको रोज सकाळी काहीतरी मागायला यायची, कधी दोन कांदे, कधी नुसत्या गप्पा. तिने काटेवालीला बघून धाडकन दार लावलं. दुकानात रांगेत उभं राहिलं की पुढच्या बायका बोलायच्या थांबायच्या. एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर कुणीतरी ओंजळभर कोळशाची भुकटी मारून गेलं. सासूबाईंनी चादरी काढल्या, झटकल्या, परत धुतल्या आणि पुन्हा तिथेच, त्याच दोरीवर वाळत घातल्या.

लांब्या घरी चिडचिड करायचा. "एक पाळी म्हणालो होतो. टाळं लावा म्हणालो नव्हतो." पण कँटीनमध्ये जेव्हा सात नंबरचे सगळे जमले आणि एकाने तिच्याबद्दल तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली, तेव्हा हाच लांब्या उभा राहिला. "पंप माझ्या पट्ट्याला होता. मी बांधला. तिने फक्त वजन केलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण आधी जिना चढून दाखवा तीन मजले, न थांबता. कोण चढतंय?"

कुणी उठलं नाही. गप्प्या म्हणाला, "आज गुडघा दुखतोय," आणि दोघंतिघं हसले. मग ते हसणंही विरलं.

निरीक्षकाने आणखी एक हुकूम काढला होता: सात नंबरच्या चौदाही माणसांच्या छातीचे फोटो काढायचे, आणि तेही खाणीच्या दवाखान्यात नाही, शहरातल्या मोठ्या इस्पितळात. साताठ दिवसांनी निकाल सांगायला बोलावलं, तेव्हा काटेवालीही बरोबर गेली. चौदांपैकी पाच जणांना आत वेगळं बसवलं. त्या पाचांत लांब्याबरोबर गप्प्याही होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या पण बोलणं स्पष्ट. त्यांनी लांब्याचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. फुप्फुसं जिथे काळी दिसायला हवीत, तिथे सगळीकडे बारीक पांढरे ठिपके होते, आणि वरच्या बाजूला दोन्हीकडे मुठीएवढे पांढरे गोळे.

"पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत हे नव्हतं," लांब्या म्हणाला. "तेव्हा म्हणाले होते, ठणठणीत आहेस."

"तेव्हा असेल थोडं, दिसलं नसेल. गेल्या दोनतीन वर्षांत फार वेगाने वाढलंय. तुम्ही दगड कापता?"

"निम्मा."

"त्यानेच. ही धूळ शरीराला बाहेर टाकता येत नाही. मग शरीर तिच्याभोवती जाळं विणतं. मऊ भाग कडक होत जातो. या गोळ्यांच्या जागी आता हवा जात नाही."

"औषध?"

"खोकल्याला आहे. दम लागण्याला थोडंफार आहे. याला नाही."

"आणि खाली जाणं बंद केलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर काटेवालीकडे पाहिलं. "बंद करायलाच हवं. पण बंद केलं तरी हे थांबेल असं मी सांगू शकत नाही. तुमच्या बाबतीत बहुतेक थांबणार नाही."

लांब्याने बराच वेळ तो फोटो पाहिला. मग त्याने विचारलं, "एवढं व्हायला किती धूळ लागते? म्हणजे वजनात?"

"माणसागणिक वेगळं. दोन्ही फुप्फुसांतली मिळून, दोनतीन चमचे."

"चमचे?" तो बायकोकडे वळला. "ऐकलंस? बावीस वर्षांत इतके ट्रक कोळसा काढला मी, आणि घरी काय आणलं तर तीन चमचे."

तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

बाहेर लाकडी बाकावर दोघं बसले. गप्प्या आत गेला होता. समोर एक बाई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. काटेवाली म्हणाली, "मला तिसऱ्याच महिन्यात शंका आली होती."

तो पुसल्या जाणाऱ्या फरशीकडे बघत राहिला.

"एवढी पांढरी चकती येत नाही. ऑफिसातल्या हवेतसुद्धा याहून जास्त धूळ असते. मला कळत होतं. पण मला वाटायचं, खरी असेल. तुमच्या नंबरची आहे म्हणून खरी असावी असं वाटायचं. सह्या करत गेले."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की तुला कळलं असणार. तू दोन घरं पलीकडचं दूध उतू गेलेलं ओळखतेस. आणि मी म्हणायचो, ती काही विचारत नाही ना, मग एवढं काही वाईट नसेल." त्याने मान भिंतीला टेकवली. "तू माझ्यावर सोडलंस आणि मी तुझ्यावर. दोघंही हुशार."

तिला रडू आलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तो उलगडून पाहिला, त्यावरचे काळे डाग बघून परत घडी करून खिशात ठेवला, आणि आपल्या बाहीनेच तिचे डोळे पुसले.

तेवढ्यात गप्प्या बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचत नव्हतं. तो त्यांच्या शेजारी बसला. काही वेळाने म्हणाला, "वहिनी, माझे नुसते ठिपके आहेत. गोळे नाहीत अजून." मग खाली बघून म्हणाला, "आमच्या हिने ते दार आपटलं त्या दिवशी... मी घरीच होतो. मी तिला काही बोललो नाही."

सात नंबर सव्वा महिन्याने उघडला. साहेबाने भीती घातली होती तसा तो कायमचा बंद पडला नाही. कोळशाला भाव आला होता. नवे फवारे बसले, धूळ ओढून घेणारा पंखा बसला. पाचांतला एक माणूस आपले कागद लपवून दुसऱ्या खाणीत कामाला गेला. तिथे तो काय करत असेल हे सगळ्यांना समजत होतं, कुणी बोलत नव्हतं. दोघं गावी परतले. लांब्याला आणि गप्प्याला दिवाखोलीत बसवलं. खाली जाणाऱ्याला टोपीचा दिवा द्यायचा, आल्यावर मोजून परत घ्यायचा. पंपही तिथूनच दिले जायचे.

लांब्याने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सुरू केली. पंप तो कुणाच्या हातात द्यायचा नाही. स्वतः वाकून पट्ट्याला बांधायचा, नळी कॉलरला अडकवायचा आणि बक्कलाला पातळ तार घालून शिशाचं सील दाबायचा. सील तुटलेलं आलं तर वहीत तसं लिहायचा. काही जण करवादायचे. एकाने तर त्याच्या तोंडावर सांगितलं, "तू मरतोयस म्हणून आमच्या पोटावर पाय देऊ नकोस." लांब्या म्हणाला, "हात वर कर, नळी अडकतेय." आणि सील दाबलं.

काटेवालीच्या खोलीत येणाऱ्या चकत्यांचा रंग बदलला. बहुतेक फिकट राखाडी, कधी गडद. तीन वेळा तिला निरीक्षकाला कळवावं लागलं. एकदा साहेब पुन्हा आला, पण स्टुलावर बसला नाही; वही पाहिली, "बरं," म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली.

दिवाखोलीत लांब्या दीड वर्ष टिकला. मग पंप बांधायला वाकलं की त्याला उठता येईना. गप्प्या त्याच्या खाकेत हात घालून त्याला उभा करायचा आणि लोकांना सांगायचा, "याला सवय आहे वाकायची, उठायची नाही." मग तेही थांबलं. तीन मजले चढणं अशक्य झाल्यावर त्यांनी त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या एका माणसाशी घर बदलून घेतलं. ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याचा घरघर आवाज दिवसभर चालायचा, आणि लांब्या म्हणायचा, "मशीन चालू असलं की कामावर असल्यासारखं वाटतं." सहा-सात शब्दांचं हे वाक्य बोलायला त्याला दोन थांबे लागायचे.

तो वाळत गेला. एवढा उंच माणूस खाटेवर कुशीला वळला की गुडघे बाहेर यायचे. सासूबाई त्याचे पाय चोळत बसायच्या. त्यांनी नवऱ्याचं पाहिलं होतं, त्यामुळे पुढे काय येणार ते त्यांना आधीच कळायचं आणि त्या ते आधीच करून ठेवायच्या: पातळ जेवण, जवळ घंटी, बोलायला लागू नये म्हणून पाटी आणि खडू. पाटीवर एकदा त्याने बायकोसाठी लिहिलं, "आज चकत्या?" तिने सांगितलं, "नऊ. सगळ्या मर्यादेत." त्याने ते पुसून लिहिलं, "खऱ्या?" ती म्हणाली, "हो. सीलं बघितली मी."

चौथ्या वर्षी, दुपारी तीनच्या सुमारास, तो गेला. काटेवाली कामावर होती. गप्प्या बोलवायला आला तेव्हा त्याला धाप लागली होती, शब्द फुटत नव्हता. दोन दारांच्या मधल्या जागेत तो भिंतीला धरून उभा राहिला आणि आतल्या दाराच्या काचेतून तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिला कळलं. तिने हातातली चकती डबीत ठेवली, झाकण लावलं, काट्यावर कापड टाकलं आणि बाहेर आली. आधी तिने गप्प्याला स्टुलावर बसवलं, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबली, मग दोघं हळूहळू चालत घरी गेले. घर सहा मिनिटांवर होतं. त्यांना वीस लागली.

मृत्यूच्या दाखल्यावर खाणीच्या डॉक्टरने "हृदय बंद पडल्याने" असं लिहून आणलं. काटेवालीने तो कागद परत केला. शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे ती दोनदा गेली, फोटो दाखवले, आणि धूळ हा शब्द त्यावर लिहून घेतला. त्याला सव्वादोन महिने लागले. सासूबाई रोज विचारायच्या, "आला का कागद?" आला तेव्हा त्यांनी तो वाचायला मागितला नाही, नुसता हातात धरून बसल्या. त्यांच्या नवऱ्याच्या कागदावर काय लिहिलं होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत एका संध्याकाळी दार वाजलं. गप्प्याची बायको उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"ताई, त्यांना दोन दिवस झाले, झोपता येत नाहीये. आडवे झाले की घुसमटतात. बसवते तर मान पडते. तुम्ही काय करायचात?"

काटेवालीने पायात चपला सरकवल्या. "टेबल आहे ना तुमच्याकडे? ते पलंगाला लावायचं. वर दोन उशा, एकावर एक, आणि त्यांना पुढे झुकवून हात उशीवर ठेवायला द्यायचे. डोकं हातांवर. पाठीला काही लावायचं नाही."

"पुढे झुकवून?"

"हो. चल, मी दाखवते. सासूबाई, तुमची ती कडक उशी घेऊ का?"

सासूबाईंनी उशी आधीच काढून ठेवली होती. गप्प्याच्या बायकोने ती उचलली आणि दोघी जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर गप्प्याच्या बायकोला हुंदका आला. काटेवालीने तिच्या हातातली उशी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, "आत्ता नको. त्यांना ऐकू जाईल."